तुम्ही विचारलंत म्हणून: मित्र अचानक गेल्यावर

ठाण्यातली मंडळी हमखास विचारतात: जिवाला जीव देणारा मित्र अचानक गेला, मुलं लहान आहेत, त्याच्या घरासाठी नेमकं काय करू?

‘काही लागलं तर सांगा’ एवढ्यावर थांबू नका. वहिनी सांगणार नाहीत. एखादं काम अंगावर घ्या.

आधी दाखला. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. नंतर विलंब शुल्क आणि हेलपाटे. जवाहर बाग स्मशानभूमीतून निघण्याआधी पावतीवरचं नाव आधार कार्डाशी ताडून पाहा. एक अक्षर चुकलं तरी बँक, विमा, पीएफ सगळीकडे अडतं. त्याचा मोबाइल नंबर चालू ठेवा, ओटीपी त्यावरच येतात. पण त्याच्या एटीएम कार्डानं किंवा यूपीआयनं पैसे काढू नका. पुढे वारसांत त्यावरूनच वाद होतात.

पीएफकडून तीन गोष्टी मागायच्या असतात: रक्कम (फॉर्म २०), पेन्शन (१०-डी) आणि विमा (५-आयएफ); तिन्हींसाठी आता एकच एकत्रित अर्जही असतो. राहून जातो तो विमा. त्याचा हप्ता कंपनी भरते, पगारातून कापला जात नाही, त्यामुळे घरी पत्ताच नसतो. रक्कम ७ लाखांपर्यंत मिळू शकते. पत्नीच्या पेन्शनखेरीज दोन मुलांनाही २५ वर्षांची होईपर्यंत पेन्शन असते. बँकेच्या पासबुकात वर्षाला ४३६ रुपये वजा झालेले दिसले, तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे २ लाख मागा.

दिलदार माणसाच्या घरी आणखी एक गुंता असतो. त्यानं कुणाला किती उसने दिले ते कुठेच लिहिलेलं नसतं, आणि घेणारा गप्प बसला तर ते पैसे बुडाले. म्हणून ज्यानं घेतले त्यानंच जाऊन रक्कम सांगावी, वहिनींच्या खात्यात भरावी, एकदम जमत नसेल तर तारखा लिहून द्याव्यात. गेलेला मित्र पतपेढीत तुमच्या कर्जाला जामीन असेल, तर लगेच दुसरा जामीनदार द्या; हप्ते थकले तर पतपेढी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेकडे वळू शकते. मला हे काम दाखल्याइतकंच तातडीचं वाटतं.

आणि मुलांसाठी लिहा. ‘देवमाणूस होता’ यातून मुलाला बाप कळत नाही. कुणाच्या अडचणीत तो कुठे, कसा धावला, मुलांविषयी तुमच्याशी काय बोलायचा, ते साल-ठिकाणासह लिहा. एका पानावर एकच प्रसंग. तुमच्या फोनमधले त्याचे व्हॉइस मेसेज पेन ड्राइव्हवर काढा, फोन बदलताना तेच आधी जातात. सगळं वहिनींकडे सोपवा. मुलांना कधी द्यायचं ते त्या ठरवतील.