डाळीच्या गंजात ऋतूची भाजी

विदर्भाच्या खेड्यांतील साध्या स्वयंपाकात डाळ आणि भाजी ही दोन वेगळी कामे फारशी नसतात. पालेभाजी डाळीच्याच गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजते, ओले दाणे वांग्यांत पडतात, पातळ भाजीला दाटपणासाठी बेसनाचे आळण लागते, आणि ज्या दिवशी घरात भाजीचे एक पान नसते त्या दिवशी चण्याची डाळच कांद्याबरोबर परतली जाऊन भाजीच्या जागी ताटात येते. ऋतू बदलतो तसे या जोडीत पुढे कोण आणि मागे कोण, एवढेच बदलते. हिवाळ्यात कडधान्य स्वतःच हिरवी भाजी असते, उन्हाळ्यात वाळलेली डाळ भाजीचे काम करते आणि पावसाळ्यात पाला पुढे येतो व डाळ त्याला आधार देते. वर्धा जिल्ह्यातील आमच्या कपाशी-तुरीच्या गावात मी गेली अनेक वर्षे याच क्रमाने रांधते आहे, आणि हा क्रम नीट लिहून ठेवावा असे मला मनापासून वाटते, कारण तो आता घराघरांतून विसरला जात आहे.

सुरुवात हिवाळ्यापासून करते, कारण आमच्याकडे खाण्याचे खरे वैभव त्याच दिवसांत असते. जूनच्या अखेरीस कपाशीच्या आठ-दहा तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचे एखादे तास पेरलेले असते. तूर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फुलावर येते आणि मार्गशीर्षात तिच्या शेंगा भरतात. पुढे जानेवारीत ती वाळून कापणीला येईपर्यंतचे काही आठवडे सोल्यांचे, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचे, असतात. कापूस वेचून परतणाऱ्या बायकांच्या ओच्यात शेंगा असतात, संध्याकाळी त्या मिठाच्या पाण्यात उकडल्या जातात, आणि अंगणात बसून सगळे घर त्या सोलून खाते. उरलेल्या कच्च्या शेंगांचे दाणे काढले की दुसऱ्या दिवशीची आमटी ठरलेली असते.

सोल्यांच्या आमटीत एकच गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे दाण्यांचा उग्र वास. त्यासाठी सोले थोड्या तेलावर मंद आचेवर परतावेत आणि त्यांच्यावर बारीक तांबूस ठिपके दिसू लागले की उतरवावेत. त्यांपैकी अर्धे सोले लसूण, हिरवी मिरची, जिरे आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घालून पाट्यावर जाडसर वाटावेत व अर्धे अख्खे ठेवावेत. वाटलेल्या दाण्यांनी रस्सा आपोआप दाट होतो, त्यामुळे त्यात बेसन किंवा खोबरे घालण्याची गरज राहत नाही. मिक्सरवर वाटायचे असेल तर बटण दाबून लगेच सोडावे, कारण पिठासारखे गुळगुळीत वाटण झाले की आमटीची सारी चव सपाट होते. हेच सोले वांगी आणि बटाट्यासह तांदळात घातले की सोलेभात होतो, आणि त्यावर कच्चे जवसाचे तेल किंवा फोडणीचे गरम तेल घेतले की दुसऱ्या कशाची आठवण येत नाही.

वांग्याशिवाय आमचा हिवाळा पुरा होत नाही. भरताची वांगी गॅसच्या शेगडीवर भाजता येतात हे मला मान्य आहे, परंतु पऱ्हाटीच्या किंवा तुराटीच्या, म्हणजे कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भाजलेल्या वांग्याला जो धुराचा वास येतो तो गॅसवर येत नाही. त्यामुळे अंगणात जाळ करण्याची सोय ज्यांना आहे त्यांनी ती जरूर वापरावी. भरतात मी मूठभर उकडलेले सोले घालते. पूर्वेकडे, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या बाजूला, सोल्यांची जागा पोपटाच्या, म्हणजे वालाच्या जातीच्या, शेंगांचे दाणे घेतात, आणि पोपट-वांग्याची रस्साभाजी तांदळाच्या भातावर इतकी शोभते की ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माझ्यासारखीनेही ती भातासोबतच खावी.

याच काळात हरभरा भाजी देतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरलेला हरभरा महिनाभराचा झाला की त्याचे कोवळे शेंडे खुडतात. शेंडा खुडल्याने झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घाटे, म्हणजे शेंगा, हेही जास्त धरतात, म्हणून ही भाजी पिकाचे नुकसान करून मिळत नाही. हरभऱ्याच्या पानांवर आंबट द्रव्याचे थेंब असतात, मॅलिक आम्ल हा त्यातील मुख्य भाग, आणि भाजीला चिंच लागत नाही ती त्यांच्यामुळेच. माझ्या सासूबाई अजूनही सांगतात, "धू नको वं, तिचा आंबटपणा जाते." त्यांचे म्हणणे चवीच्या बाजूने अगदी खरे आहे. मात्र त्यांच्या तरुणपणी हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारे पडत नव्हते, आणि आज पडतात. म्हणून आम्ही खायच्या भाजीसाठी घराजवळचे दोन वाफे फवारणीवाचून वेगळे ठेवले आहेत, आणि ज्यांना तेवढीही जागा नाही त्यांनी भाजी अवश्य धुवावी व वाटल्यास थोडे आमसूल घालावे.

ही भाजी करताना बारीक चिरलेला पाला थोड्या पाण्यात शिजवावा, घोटावा, ज्वारीचे पीठ किंवा बेसन पाण्यात कालवून आळण लावावे आणि वरून लसूण व सुक्या मिरच्यांची झणझणीत फोडणी द्यावी. मिरची भिवापुरी असेल तर रंग आणि तिखटपणा दोन्ही मिळतात. हरभऱ्याचा जास्तीचा पाला सावलीत वाळवून डब्यात भरून ठेवला की तो उन्हाळ्यात कामी येतो. हे काम आळसाने टाळू नये, कारण एप्रिल महिन्यात हिरवी भाजी शोधताना त्याची किंमत कळते.

झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातील, लाखोळी या कडधान्याबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, पीक उभे असतानाच ओलाव्यावर लाखोळी फेकून पेरण्याच्या पद्धतीला उतेरा म्हणतात, आणि नांगरणीवाचून मिळणाऱ्या या कडधान्याने गरीब घरांना पिढ्यान्‌पिढ्या डाळ पुरवली. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि डाळीचे वडे फार चांगले लागतात. पण तिच्यात पाय लुळे करणारे एक विषारी द्रव्य असते, आणि दुष्काळात जेव्हा माणसे महिनोन्‌महिने मुख्यतः तिच्यावरच जगली तेव्हा त्याचे परिणाम दिसले. म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे, पुन्हा ताज्या पाण्यात शिजवावी, आणि ती इतर धान्या-डाळींच्या जोडीने अधूनमधूनच खावी.

होळीनंतर शेतात हिरवे फारसे उरत नाही. तापमान पंचेचाळीस अंशांच्या घरात जाते, आठवडी बाजारात भाजी येते ती महाग आणि मलूल असते, आणि मग कोठीतील डाळींचे राज्य सुरू होते. तूर घरची असेल तर तिची डाळ याच दिवसांत करून घेतात. पूर्वी तूर भिजवून, तेलाचा हात लावून, वाळवून जात्यावर भरडत असत. आता अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल अनेक गावांत बचत गटांकडे असते आणि तेथे दोन-चार पोत्यांची डाळ सहज करून मिळते. घरच्या तुरीची डाळ बाजारच्या डाळीसारखी चकचकीत दिसत नाही, परंतु वरणाला तिचा वास वेगळाच येतो.

उन्हाळ्यातील माझी सर्वांत आवडती भाजी डाळकांदा आहे. एक वाटी चण्याची डाळ दोन तास भिजवावी, भरपूर उभा चिरलेला कांदा तेलावर गुलाबी करावा, तिखट, वायगावची हळद आणि थोडा काळा मसाला घालून त्यात डाळ परतावी, आणि बेताचे गरम पाणी घालून झाकून शिजवावी. डाळ बोटाने दाबली तर तुटली पाहिजे, पण गंजात ती अख्खी दिसली पाहिजे, म्हणून कुकरचा मोह टाळावा. मीठ मी डाळ शिजत आल्यावर घालते. कैरी, चिंच किंवा टोमॅटो असे कोणतेही आंबट तर अगदी शेवटी घालावे, कारण आंबट आधी पडले की डाळ कितीही उकळली तरी मऊ होत नाही.

पाटवडीचा रस्सा पाहुण्यांसाठी असतो, तरी त्यात बेसनापलीकडे महाग असे काही नाही. लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन उकळलेल्या पाण्यात बेसन वैरावे आणि गाठी मोडत घट्ट शिजवून तेल लावलेल्या ताटात थापावे. वर खसखस, सुके खोबरे आणि सांभार पेरून वड्या कापाव्यात. वड्या रस्स्यात उकळू नयेत, त्या विरघळतात. ताटात वड्या ठेवून वरून उकळता, तर्रीचा, म्हणजे वर तिखट तेलाचा तवंग असलेला, रस्सा वाढावा.

मुगाच्या वड्यांसाठी मात्र ऊन लागते, आणि ते आमच्याकडे हवे तेवढे आहे. सालीची मूग डाळ चार-पाच तास भिजवून, चोळून साल काढून, लसूण-मिरची-जिऱ्यासह पाणी न घालता जाडसर वाटावी व स्वच्छ लुगड्यावर बोटांनी लहान लहान वड्या तोडाव्यात. वैशाखातील दोन-तीन उन्हांत त्या खडखडीत वाळतात. शिजवताना आधी तेलात तांबूस तळून घेतल्या नाहीत तर त्या रस्स्यात आतून कच्च्या राहतात. उन्हाळ्यात ताजा पाला म्हणून मिळते ती चिवळ ही बारीक पानांची भाजी, आणि ती मुगाच्या डाळीबरोबर अगदी थोडा वेळ शिजवावी. तिच्यात माती फार असते, म्हणून ती चार पाण्यांतून काढल्याशिवाय चुलीवर ठेवू नये.

मृग लागून पाऊस पडला की दोन-तीन आठवड्यांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तरोटा (टाकळा) उगवतो. त्याची अगदी कोवळी पानेच घ्यावीत, जून पाने कडू लागतात. पाने उकडून, पाणी पिळून टाकून, भिजवलेल्या मूग डाळीसह कांदा-लसणावर परतली की पावसाळ्याची पहिली भाजी होते. त्यामागून कुंजर, घोळ आणि केना या पालेभाज्या येतात, श्रावणात काटवलं (करटोली) येतात आणि मग अंबाडी येते. अंबाडीची भाजी करताना तुरीची डाळ, मूठभर शेंगदाणे आणि ज्वारीच्या किंवा तांदळाच्या कण्या आधी शिजवून घ्याव्यात, अंबाडी वेगळी उकडून तिचे पाणी काढावे आणि मग दोन्ही एकत्र घोटावे. वरून लसणाची भरपूर तेलातील फोडणी पडली की ज्वारीच्या भाकरीसोबत या भाजीला कशाचीही जोड लागत नाही. डाळ आणि ज्वारी एकत्र खाण्यात पोषणाचाही लाभ आहे, कारण ज्वारीत कमी असलेले लायसिन डाळ पुरवते आणि डाळीत कमी असलेले मिथिओनिन ज्वारीतून मिळते.

भाद्रपदात नवे मूग आणि उडीद घरी येतात. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आमच्याकडे सोळा भाज्या एकत्र करतात आणि आंबील व कढी करतात. पूर्व विदर्भात बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे याच सुमारास तळले जातात. पण नवे मूग घरी येतात असे मी सवयीने लिहिते, आज ते फार थोड्या घरी येतात. गेल्या तीन दशकांत सोयाबीन पसरले आणि त्याने ज्वारी, मूग आणि उडीद यांची जागा घेतली. त्या सोयाबीनचे तेल आणि पेंड होते, आमच्या गंजात ते येत नाही, आणि शेतकऱ्याचे घर मुगाची डाळ किराण्याच्या दुकानातून पावशेरांनी आणते. एका एकराच्या कडेने मुगाची चार तासे पेरली तरी वर्षाची डाळ आणि वड्या निघतात, आणि ती वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून, घट्ट झाकणाच्या कोठीत ठेवली तर कीड लागत नाही.

रानभाज्यांची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. कपाशी आणि सोयाबीनमध्ये तणनाशक मारले की तरोटा, कुंजर आणि केना तण म्हणून एकदमच जातात, आणि जेथे ते उरतात तेथील पाला खाण्यासारखा राहत नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून आमच्या गावातील अनेक बायका फवारलेल्या शेतातून भाजी आणत नाहीत. त्यांचे मला पूर्णपणे पटते. म्हणूनच आम्ही विहिरीजवळचा अरुंद पट्टा निंदणावर, म्हणजे हाताने तण काढण्यावर, ठेवला आहे, तेथे औषधाचा पंप नेत नाही, आणि कडेने अंबाडीचे बी टाकतो. निंदायला येणाऱ्या बाया जाताना त्या पट्ट्यातील भाजी खुडून नेतात, आणि त्या दिवसाची त्यांच्या घरची आणि आमच्या घरची भाजी एकच असते.