स्लाइड-आउटवर ऑनिंग बसवावी की नाही : माझा अनुभव

चिमूर तालुक्यात, ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वारापासून फार लांब नसलेल्या आमच्या वावरात पर्यटकांसाठी एक कॅराव्हॅन, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, उभी असते. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर माझ्या यजमानांनी ही कल्पना मनावर घेतली आणि नागपूरकडच्या एका कारखान्यातून आम्ही ती बांधून घेतली. तिच्या एका बाजूला स्लाइड-आउट आहे. बटण दाबले की भिंतीचा नऊ फूट लांबीचा भाग पलंगासकट तीन फूट बाहेर सरकतो आणि गाडी हलवायची झाली की परत आत जातो. या बाहेर आलेल्या भागाला स्वतःचे सपाट छत असते, आणि आमच्या साऱ्या अडचणीचे मूळ त्या छतातच होते. त्याच्यावर ऑनिंग, म्हणजे गुंडाळता येणारे कापडी आच्छादन, बसवावी की नाही हा आमच्यापुढचा प्रश्न होता.

गाडी मोहाच्या झाडाखाली उभी असते, कारण उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या भागात सावली सोडून ती उभी करणे शक्यच नाही. बाजूच्या धुऱ्यावर सागाची रांग आहे. सागाची वाळलेली पाने, मोहाची फुले आणि पाखरांनी टाकलेल्या काटक्या असे सगळे त्या छतावर साचत असे. स्लाइड-आउट आत घेताना छतावरून एक रबरी सील घासत जाते. ते पाणी आणि धूळ बाहेरच अडवते, पण काटकी मध्ये सापडली तर रबर चिरते. पहिल्याच हंगामात तसे झाले आणि मार्चमधल्या एका अवकाळी पावसात पाहुण्यांची गादी भिजली. कारखान्याने सील बदलून दिले, परंतु काही महिन्यांत तेही त्याच जागी फाटले. सील पुनःपुन्हा बदलण्यापेक्षा त्याच्यावर कचरा पडूच न देणे हा खरा उपाय आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

स्लाइड-आउटची ऑनिंग ही दुकानापुढच्या ऑनिंगपेक्षा वेगळी असते. कापडाचे एक टोक गाडीच्या भिंतीवरील ॲल्युमिनियमच्या खाचपट्टीत अडकवलेले असते आणि दुसरे टोक स्लाइड-आउटच्या बाहेरच्या कडेवर बसवलेल्या रोलरला गुंडाळलेले असते. रोलरच्या आत स्प्रिंग असल्यामुळे स्लाइड-आउट बाहेर गेले की कापड आपोआप उलगडते आणि आत आले की आपोआप गुंडाळले जाते. त्याला वेगळी मोटार लागत नाही. दुकानांच्या हाताने फिरवायच्या ऑनिंग सहज मिळाल्या, मात्र ही आम्हाला बाहेरून मागवावी लागली आणि खर्च बराच आला.

मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, या खर्चाला विरोध होता. "ऊन अडवाचं असन तं मांडव टाका, कापडाले कायले एवढा पैसा घालता?" असे ते म्हणाले, आणि त्यात तथ्य होते. डहाळ्यांच्या मांडवासारखा गारवा कापडाने येत नाही. परंतु वाळलेला मांडव स्वतःच पाला गाळतो, आणि मुक्कामाच्या जागी चूल पेटवली जात असताना तो डोक्यावर असणे मला धोक्याचे वाटले. टिनाच्या शेडचाही विचार झाला. ते टिकाऊ ठरले असते यात शंका नाही, पण गाडी हंगामात कधी उमरेडकडे, कधी नागझिऱ्याकडे जाते आणि शेड तिच्याबरोबर जाऊ शकत नाही.

ऑनिंगच्या माहितीत सर्वांत आधी पावसापासून संरक्षणाचा मुद्दा येतो. आमच्यासाठी तो सर्वांत दुय्यम होता. जुलै ते सप्टेंबर ताडोबाचे गाभा क्षेत्र बंद असते, त्या काळात आमची गाडीही बंद असते आणि स्लाइड-आउट आतच राहते. शिवाय कापड हे छप्पर नव्हे. ते जरा जरी सैल असले तर मध्ये झोळ पडून पाणी साचते, आणि एक चौरस मीटर जागेत एक सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन दहा किलो होते. पाण्यासाठी ऑनिंग घेऊ पाहणाऱ्याने हा हिशेब आधी करावा, असे मला मनापासून वाटते. आम्ही ती घेतली ती पाल्यासाठी आणि उन्हासाठी.

कापड निवडताना मी बराच वेळ घेतला. ॲक्रिलिकच्या कापडातून हवा खेळते आणि ते लवकर वाळते, मात्र त्यावर साचलेले पाणी हळूहळू झिरपते. व्हिनाइलमधून पाणी झिरपत नाही आणि ते ओल्या फडक्याने पुसता येते, पण ओले गुंडाळून ठेवले तर त्यावर बुरशी धरते. मोहाच्या फुलांचा चिकट रस डोळ्यांसमोर ठेवून मी व्हिनाइल घेतले.

मापाचे काम वरवर सोपे दिसते. स्लाइड-आउटच्या बाहेरच्या कडा, त्यांच्या दोन्ही बाजूंची झालर (कडेला बाहेर आलेली पट्टी) आणि ब्रॅकेटला लागणारी जागा ही तीनही मापे वेगवेगळी असतात. आम्ही ती दोनदा घेतली आणि दुसऱ्या वेळी पाऊण इंचाचा फरक निघाला. बसवण्याच्या दिवशी भाऊजी, गावातले वेल्डरकाका आणि यजमान असे तिघे दोन शिड्यांवर होते. प्रत्येक स्क्रूच्या छिद्राखाली ब्युटाइलची चिकट रबरी पट्टी आणि वरून सीलंट दिले, कारण गळती थांबवण्यासाठी गाडीच्या भिंतीला नवी छिद्रे पाडताना तिथूनच नवी गळती सुरू होऊ शकते. स्प्रिंगला सांगितलेले वेढे देऊन होईपर्यंत रोलर कोणीही सोडायचा नाही, असे वेल्डरकाकांनी आधीच बजावले होते. ताणलेली स्प्रिंग हातातून सुटली तर बोटे मोडू शकतात. अडकवण्याची पिन बसल्यावरच तिघांनी हात काढले.

सागाच्या पानांचा प्रश्न त्या दिवसापासून संपला. स्लाइड-आउट आत येताना कापड गुंडाळले जाते तशी पाने रोलरवरून खाली घसरतात. मोहाची फुले मात्र तशी घसरत नाहीत. मोह पहाटे गळतो. एके सकाळी मी न झाडता स्लाइड-आउट आत घेतले आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर काढले, तेव्हा कापडाच्या घडीत चेपलेल्या फुलांची एक तपकिरी रेघ उमटली होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. तेव्हापासून शिडी आणि मऊ खराटा गाडीजवळच ठेवतो. दुपारच्या उन्हात छताचा पत्रा पूर्वीसारखा चटका देत नाही, कारण कापड आणि पत्रा यांच्यामध्ये हवा खेळती राहते. पलंगावर झोपणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

वारा हा ऑनिंगचा खरा शत्रू आहे. एप्रिलच्या संध्याकाळी वावधान सुटते तेव्हा कापडाखाली हवा भरून ते फडफडू लागते, आणि त्या आवाजाने एका कुटुंबाला मध्यरात्री उठून बसावे लागले. आता आभाळ भरून आले की आम्ही पाहुण्यांना आधीच सांगून स्लाइड-आउट आत घेतो. त्यांची जागा तेवढ्यापुरती कमी होते, पण गारांनी कापड फाटण्यापेक्षा ते परवडते. साध्या पावसाच्या सरीसाठी गाडी एका बाजूला किंचित कलती उभी करतो, म्हणजे पाणी एकाच कोपऱ्यातून ओघळते. ओले कापड गुंडाळावेच लागले, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडताच ते उघडून वाळवतो.

वानरांचा विचार मात्र आम्ही आधी केला नव्हता. मोहाच्या फांदीवरून त्यांनी थेट कापडावर उड्या घेतल्या आणि कडेजवळ नखांचे दोन लांब ओरखडे उमटले. कापड फाटले नाही, पण तिथली शिवण उसवली. उन्हाने कापडाआधी दोराच कुजतो, हेही तेव्हा हाताला जाणवले. ती फांदी आम्ही छाटली आहे. पाहुणे नसतील त्या दिवशी स्लाइड-आउट आतच ठेवतो. १ ऑक्टोबरला जंगल उघडण्याआधी कापड उतरवून चिमूरच्या चांभारदादांकडून ती कड जाड नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी शिवून घ्यायची आहे, आणि स्प्रिंग सोडवण्यासाठी वेल्डरकाकांना आधीच बोलावून ठेवले आहे.