आमची वाटचाल : फैजपूर रोडवरचं रिवायंडिंग

जळालेल्या पंपाच्या मोटारींत नवी तार भरायची, म्हणजे रिवायंडिंग, हा आमचा धंदा. दुकान टाकलं तेव्हा भांडवल म्हणजे हाताने फिरवायचं एक वायंडिंग मशीन, तारेचं इन्सुलेशन तपासायचा 500 व्होल्टचा मेगर आणि तार खाचेत दाबायच्या बांबूच्या दोन पट्ट्या. मशीन माझं, हात बापूचे. बापू माझा भागीदार. सबमर्सिबलच्या, म्हणजे पाण्यात बुडवायच्या मोटारीच्या, 24 खाचांत तो पॉलीवायर, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली तांब्याची तार, अशी बसवायचा की तिला ओरखडा नाही. ही मोटार पोटात पाणी घेऊन चालते, ओरखडा पडला की खेळ खलास. तार दाबायला कुणी स्क्रू-ड्रायव्हर उचलला तर बापू सरळ हातावर फटका मारायचा.

मग समोर दुसरं दुकान आलं. वायंडिंग निम्म्या भावात! तीन महिन्यांनी त्यांची एक जळकी मोटार आमच्याकडे आली. खोलली तर आत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार. तांब्याच्या जेमतेम 60 टक्के वीज वाहणार, खाच मात्र तेवढीच. तापणार नाही तर काय? पण गिऱ्हाइकाला बिल दिसतं, खाच दिसत नाही. केळीला पाणी लागतं ते ऐन मे महिन्यात, आणि असे दोन मे आम्ही नुसते माश्या मारत बसलो. वहिनींच्या पाटल्या मोडून तांबं आणलं. एकदा मीच म्हणालो, आपणही ॲल्युमिनियम भरू. बापू काही बोलला नाही, तार मोजत राहिला. ते वाक्य मला अजून टोचतं.

त्या दिवसांत टिकले ते सावद्याकडचे आबा. एकदा रात्री अकराला ट्रॅक्टरमध्ये मोटार घालून आले. "बाग निसवलीय भो, केळफूल बाहेर पडलंय, परवापर्यंत पाणी पाहिजे." पहाटे चारला बापूने कॉइल बांधायच्या दोऱ्याची शेवटची गाठ मारली. आबा तोवर पोत्यावर बसून होते, चहासुद्धा घेतला नाही.

पुढची वर्षं बरी गेली. समोरचं शटर कधी पडलं ते कळलंही नाही.

जाता जाता सांगतो, वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टरला लावून झोपायचं असेल तर आधी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. तीन फेजपैकी एक गेला की तो मोटार बंद करतो; नाहीतर ती दोनावर कण्हत जळते. आमचाच धंदा कमी होईल, होऊ दे.

बापूला जाऊन चार वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात एक अनोळखी पोरगा मोटार घेऊन आला. खोलली, तर कॉइलच्या टोकाला बापूची दुहेरी गाठ. मेगर लावला, वायंडिंग ठणठणीत. नुसते बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) बदलले आणि दोऱ्याला हात न लावता मोटार बंद केली.