शिंपल्याचा चुना, सोऱ्या आणि स्क्रबर: या पावसाळ्यातली प्रगती

मालवणात पावसाळा म्हणजे डायव्हिंग बंद. होड्या वर ओढून झापांखाली गेल्या की माझं काम मागच्या पडवीत सुरू होतं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणारे पांढरे दाणे रिब्रीदरच्या (सोडलेला श्वास साफ करून परत घेऊ देणारं डायव्हिंगचं उपकरण) डब्यात, म्हणजे स्क्रबरमध्ये, भरतात, तो सोडालाइम इथल्या शिंपल्याच्या चुन्यापासून करायचा आणि त्याची ताकद मोजायची, हा यंदाचा बेत. हे दाणे मोजण्यासाठी आहेत, श्वासासाठी नाहीत. पाण्याखाली जाताना डब्यात तपासून-प्रमाणित केलेला मालच हवा. कार्बन डायऑक्साइड निसटायला लागला की आधी दम लागतो, डोकं जड होतं आणि मग नेमका विचार करायची ताकदच जाते. ज्यांना हे करून पाहायचंय त्यांनी एवढं पक्कं धरूनच पुढे वाचावं.

रसायन थोडक्यात सांगतो. वायू आधी दाण्यावरच्या पाण्याच्या पातळ थरात विरघळतो. तिथल्या कॉस्टिक सोड्याशी जुळून सोडियम कार्बोनेट होतं, आणि ते विरवलेल्या चुन्याशी भिडलं की कॅल्शियम कार्बोनेट होऊन सोडा परत मोकळा होतो. म्हणजे सोडा नुसती ने-आण करतो, भार उचलतो तो चुना. म्हणूनच बाजारच्या मालात चुना साधारण ७५ ते ८० टक्के, पाणी १४ ते १९ टक्के आणि कॉस्टिक मात्र तीन-चार टक्केच असतं. १०० ग्रॅम दाण्यांत ८० ग्रॅम चुना धरा. चुन्याचा रेणुभार ७४, त्यामुळे हिशेबाने २६ लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मावायला हवा. कागदावरची ही क्षमता प्रत्यक्षात कधीच पूर्ण मिळत नाही. उरलेली कुठे जाते, हे शोधणं म्हणजेच माझा यंदाचा पावसाळा.

चुना आणला ओळखीच्या एका भट्टीवरून. तिथल्या आजींनी माल देतानाच बजावलं, ‘पावसात उघडो ऱ्हवलेलो चुनो घेव नको, तो मेलेलो आसता.’ त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं आहे आणि घरी तपासताही येतं. चिमूटभर चुन्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. ताजा चुना गप्प विरघळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आधीच पिऊन बसलेला चुना फसफसतो, कारण त्याचं परत शिंपल्याच्याच द्रव्यात रूपांतर झालेलं असतं. आता मी कळीचा चुनाच खड्यांच्या रूपात घेतो आणि लागेल तेव्हा विरवतो. ५६ भार कळीला हिशेबाने १८ भार पाणी पुरतं, पण विरवताना बरंचसं वाफेवाटे उडतं, म्हणून जास्तच घालावं लागतं. डोळ्यांना चष्मा आणि हातात जाड रबरी मोजे हवेतच. इथे हयगय नको.

दाणे पाडायला शेवेचा सोऱ्या. तो स्टीलचाच घ्या, कारण ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सुटतो. शिवाय एकदा या कामाला वापरला की स्वयंपाकघरात परत नेऊ नका. चुन्याची भुकटी कॉस्टिकच्या पाण्यात भाकरीच्या पिठापेक्षा जरा घट्ट मळायची, शेव पाडायची, अर्धवट सुकली की तुकडे करायचे आणि चाळायचे. अडचण येते ती सुकवण्यात. कोकणातल्या जुलैच्या हवेत ही शेव सुकत तर नाहीच, वर हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन पृष्ठभागावर मेलेली होते. यावर सापडलेला उपाय मला फार आवडला: घट्ट झाकणाच्या डब्यात खाली कळीच्या चुन्याचे खडे, वर जाळी आणि जाळीवर शेव. कळी हवेतलं पाणीही ओढते आणि कार्बन डायऑक्साइडही. थोड्या थोड्या वेळाने वजन करत राहायचं आणि पाणी १६-१७ टक्क्यांवर आलं की दाणे हवाबंद बरणीत.

पाण्याचा हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. पूर्ण सुकवलेला दाणा जवळजवळ काहीच धरत नाही, कारण वायू विरघळायला थरच उरत नाही. फार ओला दाणा एकमेकांना चिकटतो आणि त्याची बारीक छिद्रं पाण्याने बुजतात. सिलिंडरमधला कोरडा वायू थेट सोडला तर तो दाण्यांना वाळवत जातो आणि निकाल खोटा येतो. म्हणून वायू आधी कोमट पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत नेतो. उच्छ्वास तसाही दमटच असतो.

बाकीची मांडणी सोपी आहे. उभी काचेची नळी, दोन्ही टोकांना जाळी. दाण्याच्या निदान दहापट व्यासाची नळी घेतली, कारण काचेलगत दाण्यांची मांडणी नेहमीच विरळ राहते आणि वायू तिथून पळवाट काढतो. मत्स्यपेटीचा पंप आणि झाडांच्या मत्स्यपेटीसाठी मिळतो तो कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, दोन्ही मिळून उच्छ्वासातल्यासारखं चार टक्क्यांचं मिश्रण. बाहेर पडणाऱ्या वायूवर इन्फ्रारेड सेन्सर आणि त्यापुढे चुन्याच्या निवळीची बाटली. सेन्सर ०.५ टक्के दाखवू लागला की नळी संपली असं धरतो. निवळी त्याच्या बरीच आधी दुधाळ होते.

नळी चालू असताना बोटं लावून बघावी. अभिक्रियेत उष्णता निघते, त्यामुळे जिथे काम चाललंय तिथेच काच गरम लागते. खाली थंडावलेला, खर्ची पडलेला भाग, मध्ये बोटभर रुंदीचा ऊन पट्टा, वर अजून ताजे दाणे आणि काचेच्या आतून धरलेलं दव. पट्टा हळूहळू वर सरकतो. भरण नीट नसेल तर तो वाकडा होतो, एका बाजूने आधी चढतो, आणि निवळी त्याच बाजूच्या चुकारपणाने लवकर पांढरी होते. थोडे थोडे दाणे घालून प्रत्येक थराला नळी चहूबाजूंनी लाकडी पट्टीने ठोकली की पट्टा सरळ राहतो. दाणे तेच, पाणी तेच, तरी एवढ्या एका गोष्टीने चालण्याचा वेळ स्पष्ट वाढतो. डबा भरणं हे काम कोणावर सोपवू नये, असं माझं ठाम मत झालंय.

आता मुख्य शोध. संपलेल्या नळीतला जाड दाणा ब्लेडने मधोमध कापला आणि कापावर व्हिनेगरचा थेंब ठेवला. कडेकडेने बुडबुड्यांची बारीक रांग उठली आणि मधला गाभा गप्पच राहिला. बाहेर कार्बोनेटचं कठीण कवच, आत न वापरलेला चुना! कागदावरची क्षमता जाते ती इथे. बारीक जाळीची शेव वापरली तर गाभा जवळजवळ उरतच नाही. पण बारीक दाण्यांतून वायू ढकलायला जोर लागतो. दाब मोजायला लावलेल्या पाण्याच्या यू-नळीत दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक लगेच वाढलेला दिसतो, आणि पाण्याखाली तो जोर छातीला लावावा लागतो. डायव्हिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या सोफ्नोलाइमच्या ७९७ प्रतीचे दाणे १ ते २.५ मिलिमीटरचे का असतात, ते मला या यू-नळीपुढे बसल्यावर कळलं. पृष्ठभाग हवाच, हे सुरुवातीचा रिब्रीदर बनवणाऱ्या हेन्री फ्लूसलाही उमगलं होतं. त्याच्या १८७८ च्या उपकरणात कॉस्टिक पोटॅशने भिजवलेले दोराचे धागे होते, आणि तेच उपकरण लावून १८८० मध्ये अलेक्झांडर लॅम्बर्ट नावाचा डायव्हर ब्रिटनमधल्या, पाण्याने भरलेल्या सेव्हर्न बोगद्यात दार बंद करायला शिरला होता.

दाणा संपल्याचं दाखवणाऱ्या रंगाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं होतं. बाजारचा दाणा संपला की जांभळा होतो तो त्यात मिसळलेल्या एथिल व्हायोलेट या रंगद्रव्यामुळे, आणि तो रंग पीएच १०.३ च्या खाली गेल्यावर दिसतो. एका मित्राने हळद सुचवली. चुन्यात हळद लाल होते खरी, पण ती पिवळ्यावर परतायला पीएच आठाच्या आसपास उतरावा लागतो. संपलेल्या दाण्यात सोडियम कार्बोनेट असतंच, त्यामुळे तो तेवढा उतरत नाही आणि हळद लालच राहते. जांभळ्यावरही विसंबू नये: वापरलेले दाणे रात्रभर ठेवले की रंग उडतो, क्षमता मात्र परत येत नाही. भरल्याची तारीख आणि वापरलेली मिनिटं डब्यावर लिहिणं हाच भरवशाचा मार्ग.

सध्या बारीक शेवेच्या नळीत कागदावरच्या क्षमतेच्या निम्म्याच्या थोडं वर पोचलोय. शिंपले भाजण्याआधी गोड्या पाण्यात धुतलेले आणि न धुतलेले, अशा दोन घाण्यांची तुलना चालू आहे. मिठामुळे दाणा ओल धरून ठेवतो का, हे बघायचंय. १९९९ मध्ये भूल देण्याच्या यंत्रांसाठी आलेल्या ॲमसॉर्ब नावाच्या अशाच दाण्यांमध्ये कॉस्टिक नाहीच, ओल धरायला कॅल्शियम क्लोराइड आहे, त्यावरून हे सुचलं. त्यानंतर नळीत खालपासून वरपर्यंत थर्मिस्टर (तापमान मोजणारे छोटे सेन्सर) बसवून तो ऊन पट्टा बोटांऐवजी आलेखावर घ्यायचा आहे, आणि तीच नळी बर्फाच्या पाण्यात उभी करून बघायची आहे. आपला समुद्र कोमट, पण गार पाण्यात स्क्रबर लवकर का दमतो ते त्या आलेखात दिसावं. कोणाकडे १ मिलिमीटरच्या भोकांची स्टीलची जाळी पडून असेल तर कळवा, पोस्टाचा खर्च मी देतो.