पावसात पिल्लू बाहेर जात नाही, काय करू?

मे महिन्यात हौसेने कुत्र्याचं पिल्लू आणलं जातं आणि मिरग लागला की मला विचारणा सुरू होते: "अहो, बाहेर नेलं तर नुसतं कुडकुडत उभं राहतं आणि आत आलं की ओटीवर शी-शू करून मोकळं. दोन फटके देऊ का?"

अजिबात नको. त्याचं नाकही त्यात घासू नका. मार खाल्लेल्या पिल्लाला एवढंच कळतं, की माणसासमोर करणं धोक्याचं. मग ते खाटेखाली, कणगीमागे जाऊन करतं आणि खळ्यात तुम्ही शेजारी उभे असलात, तर तिथेही दाबून धरतं.

पिल्लू जागा लक्षात ठेवतं ती वासाने आणि पायाखालच्या स्पर्शाने. म्हणून पावसाळ्यात पडवीच्या टोकाला, पागोळ्यांच्या आत, एका पसरट घमेल्यात खळ्यातलीच माती भरून ठेवा. त्याने आधी जिथे केलं असेल तिथली ओंजळभर माती त्यात मिसळा. वर्तमानपत्र मला पसंत नाही. पायाला कागदाची सवय लागली की पुढे जमिनीवर पडलेला पेपर दिसला तरी ते बसतं. पावसाने उसंत घेतली की त्याच वाटेने खळ्यात न्या.

वेळ मात्र तुम्हीच सांभाळायची. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन तास, फार तर तीन तास धरू शकतं. झोपेतून उठलं, खाऊन झालं, खेळून दमलं की लगेच उचला. जमीन हुंगत गोल फिरायला लागलं, म्हणजे हातातलं काम टाकून धावायचं. झाल्याबरोबर, तिथेच, उकडलेल्या माशाचा काटे काढलेला तुकडा द्या. घरात आल्यावर दिलात तर तो कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही.

घरात झालंच तर अमोनियाचं क्लीनर वापरू नका, त्याचा वास मुतासारखाच येतो. लादीवर एन्झाइमवालं क्लीनर चांगलं. शेणाची जमीन असेल तर तेवढा भाग खरवडून पुन्हा सारवा.

एक गोष्ट कळकळीने सांगते. लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्री फिरतात तिथे पिल्लू सोडू नका, पार्व्होने, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या विषाणूच्या आजाराने, पिल्लं हां हां म्हणता जातात. साचलेल्या पाण्यापासूनही लांब ठेवा. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार) होतो आणि तो माणसांनाही होतो. लेप्टोच्या लशीचं डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि शिकलेलं पिल्लू अचानक थेंब थेंब, वारंवार करायला लागलं, तर शिकवत बसू नका, त्याच दिवशी त्यांच्याकडे न्या.