तुम्ही विचारलंत म्हणून: स्कूटर कोण चालवत होतं?

माझी कादंबरी येऊन दीड वर्ष झालं तरी भेटेल तो हेच विचारतो. ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, ठाण्यात नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, दोन्ही घरांत एकेक मुलगा. दोघं एकाच स्कूटरवरून घोडबंदर रोडने निघतात आणि गायमुखच्या अलीकडे खड्ड्यात स्कूटर घसरते. दोघंही जातात. पुढची सगळी पानं मागे राहिलेल्या चार माणसांची. स्कूटर एका घराची, पण चालवायचे दोघंही, आणि त्या दिवशी कोण चालवत होतं ते मी शेवटपर्यंत सांगत नाही. यावर लोक चिडतात. एक जण तर म्हणाले, मॅडम, माझ्या कॉपीत पान मिसिंग आहे का?

मिसिंग नाहीये, मी काढलंय.

झालं असं की मी कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे अठरा वर्षं टायपिंग केलं. अपघाताचे दावे भरपूर असायचे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 166, हे मी झोपेतही टाइप करेन. मागे बसलेल्या मुलाच्या आईवडिलांना त्यात भरपाई मागायची तर पुढच्याने भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवली असं लिहावं लागतं, आणि गाडी ज्याच्या नावावर तो जाबदेणार (म्हणजे ज्याच्यावर दावा तो) नंबर एक, इन्शुरन्स कंपनी नंबर दोन. विमा धड असेल तर पैसे कंपनीच भरते, शेजाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, वकील हे दहादा समजावतात. पण नोटीस शेजाऱ्याच्या दारात येते ना, आणि तीत त्याच्या गेलेल्या मुलाचं नाव आणि पुढे ते 'हयगयीने'. त्यात 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दावा लावायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, म्हणजे वर्षश्राद्धाच्या आधीच ठरवायचं की समोरच्याच्या पोराला दोषी म्हणायचं का नाही.

पहिल्या ड्राफ्टमध्ये कोण चालवत होतं ते मी सांगितलं होतं, पंचनाम्याचा एक पॅरा टाकून. तो टाकला आणि पुढे मीच एका घराची वकील झाले, दुसऱ्या घरातली आई रडायला लागली की मनात यायचं, हिला काय अधिकार आता. लिहिणारी मीच आणि तिला रडू न देणारीही मीच. लाज वाटली. काढून टाकला.

मला लिहायचं होतं ते पिठलंभाताचं. आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलंभात येतो. पण इथे समोरच्या घरातही तेच. दोन्ही दारं सताड उघडी, बाहेर चपलांचा ढीग, कुठली चप्पल कुठल्या घराला आलेल्याची कळत नाही, आणि दोन्ही बायकांना इतक्या वर्षांच्या सवयीने वाटतंय की समोर काहीतरी पाठवायला हवं. शेवटी तिसऱ्या मजल्यावरून पिठल्याचं पातेलं येतं, एकच, आणि आणणारी जिन्यात उभी राहते, आधी कुठल्या दारात जाऊ? त्या जिन्यातल्या दीड पानाला मला चार महिने लागले, आणि लोक विचारतात हँडल कोणाच्या हातात होतं.

मला माहित्ये का? हो, माहित्ये. नाही सांगणार.

चरईतल्या माझ्या मावशीने मात्र ते विचारलंच नाही. तिने फोन करून झापलं, अगं सुतकातल्या पिठल्याला फोडणी काय देतेस! म्हटलं, मावशी, तिसऱ्या मजल्याला कुठे सुतक होतं? तर म्हणते, तरीपण.

दुसरी आवृत्ती निघाली तर फोडणी काढणार आहे.