मालेच कसा उतना?

चोपड्याला माझा त्वचारोगाचा दवाखाना आहे. थंडीत रोज पाच-सहा भेगाळलेल्या टाचा येतात, त्यात सांगण्यासारखं काही नसतं. सासूबरोबर आलेल्या या सुनेचे मात्र दोन्ही पाय घोट्यापर्यंत सुजलेले, पाणी धरलेल्या फोडांनी भरलेले. हातात आधीच्या दवाखान्याची चिठ्ठी: नागीण. नागीण सहसा अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठते. पण पाय उचलून टाच बघायला वेळ कोणाला आहे!

टाच वर केली. भेगेच्या कडेला डांबरासारखा काळा ठिपका, स्पिरिटने पुसूनही जाईना.

"बिब्बा लावला?"

सून गप्प. सासूबाईंनीच सांगितलं. सुईला टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं, ते भेगेत सोडलं. मागच्या हिवाळ्यातही सुनेला लावला होता, तेव्हा काही झालं नाही. त्यांच्या स्वतःच्या अंगठ्यावर तसाच काळा डाग होता आणि भोवतालची कातडी ठणठणीत.

"सासूनी लावा, तिले काहीच नही व्हयनं. मालेच कसा उतना?"

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड तीन आठवडे, हळूहळू कमी करत. पाच दिवसांत बंद केलं तर पुन्हा उसळतं, आणि नेमकं तेच लोक करतात. फोडाचं पाणी लागून हे पसरत नाही, एवढं पटवण्यात मात्र चिठ्ठी लिहिण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर सोपं होतं. मागच्या वर्षी तिच्या टी पेशींनी, म्हणजे शरीराच्या पहारेकरी पेशींनी, बिब्ब्याचं तेल ओळखून ठेवलं, यंदा त्या तयारीत होत्या. पण तेल ओळखलं कसं? आम्ही परीक्षेत लिहायचो की टी पेशीला प्रथिनाचा तुकडाच दिसतो. असला लहान रेणू आधी प्रथिनाला चिकटतो, मग त्याची दखल घेतली जाते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. १९९४ मध्येच क्षयाच्या जंतूच्या भिंतीतलं मायकॉलिक ॲसिड, म्हणजे चक्क चरबी, सीडी१बी हा रेणू टी पेशींपुढे धरतो हे दिसलं होतं. त्याचा भाऊ सीडी१ए आपल्या कातडीतल्या लँगरहान्स पेशींवर (परकं काही आलं की टी पेशींना दाखवणाऱ्या) खच्चून असतो. त्याची खोबण आतून तेलकट, चरबीची शेपटी त्यात सहज शिरते. उंदरांत सीडी१ए नसतोच, म्हणून माणसाचा जनुक घातलेले उंदीर वापरून २०१६ मध्ये दाखवलं गेलं की अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या अंगावर पुरळ उठवणाऱ्या वेलीचं तेल, उरुशिओल, याच वाटेने टी पेशींना चेतवतं. बिब्ब्यातली भिलावनॉल त्याच्याच गोतातली, तशाच पंधरा कार्बनांच्या शेपटीची. आमच्या सातपुड्यात बिब्बा मुबलक, तरी आम्ही आयव्हीचीच चित्रं पाठ केली.

राहिलं सासूचं. तीच खोबण, तेच तेल, आणि तिच्या टी पेशी ढिम्म. "प्रकृती असते एकेकाची," असं म्हणून मी वेळ मारून नेली. ते वाक्य मला आठवडाभर टोचत होतं.

परवा दोघी दाखवायला आल्या. पाय उतरलेत. सासूबाईंनी टेबलावर गोडंबीची, म्हणजे बिब्ब्याच्या आतल्या गराची, पुडी ठेवली, "घरच्या हातानं फोडलेली शे." पुडी उघडण्याआधी मी ती उलटसुलट करून कागदावर कुठे काळा डाग आहे का ते पाहिलं. सून खुदकन हसली.